‘मी’ची रोजकीर्द

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

विद्यार्थ्याची महाविद्यालयाला प्रथम ओळख होते ती प्रवेशअर्जावरून. नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, मातृभाषा, शिक्षणाचे माध्यम, पालकांचा व्यवसाय असे काही रकाने भरले की काम भागते. या रकान्यांविषयी माझी तक्रार नाही. शेकडो विद्यार्थ्यांची नोंद ठेवायची असताना प्रत्येकाची जीवनकहाणी ऐकत बसण्याइतकी सवड कार्यालयाला कोठून असणार? पण हाच विद्यार्थी तीन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीस जातो, समोरचे गृहस्थ त्याचा अर्ज बाजूला ठेवतात आणि म्हणतात, “स्वतःविषयी काही सांगा.” अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक जण काय करतात? बाजूला ठेवलेला तोच अर्ज तोंडी म्हणून दाखवतात.

आपली ओळख देणे आणि आपली कथा सांगणे यांत अंतर आहे. ते अंतर नेमके कोणते, आणि स्वतःची कथा प्रामाणिकपणे सांगायची तर ती कशी सांगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र हे माझे विषय नव्हेत. तेव्हा या विषयावर जे थोडेफार वाचले, ते मला अवगत असलेल्या भाषेत, म्हणजे जमाखर्चाच्या भाषेत मांडले आहे. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

दोन वेगळे प्रश्न

मराठीत ‘ओळख’ हा शब्द आपण दोन कामांसाठी वापरतो. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक प्रवेशपत्रावरील छायाचित्र पाहतात आणि मग आपला चेहरा पाहतात. त्यांचा प्रश्न एवढाच असतो की, ही मुलगी तीच आहे का? त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर पुरते. ओळखपत्र, सही, अंगठ्याचा ठसा, आधार क्रमांक ही सारी साधने या एका प्रश्नासाठी आहेत. दुसरा प्रश्न असा की, ही मुलगी कोण आहे? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते सांगावे लागते. सांगायचे म्हटले की कोठून तरी आरंभ करावा लागतो, काही घ्यावे लागते, काही सोडावे लागते. म्हणजेच त्याची कथा होते. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दोन प्रश्नांतील भेद विस्ताराने मांडला आहे. माणसाचे ‘तोच असणे’ आणि ‘स्वतः असणे’ या गोष्टी वेगळ्या असून त्यांना जोडणारा दुवा म्हणजे त्याच्या जीवनाची कथा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

हा विचार त्याही आधीपासून चालत आलेला आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली आपल्या प्रसिद्ध निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीत या विषयावर एक नवे प्रकरण घातले. शरीर बदलते, वय वाढते, तरीही माणूस तोच, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? लॉकचे उत्तर होते : जाणिवेच्या आधारावर. मागे केलेले कृत्य ‘हे मी केले’ असे ज्याला आठवते, तो माणूस तोच. ‘व्यक्ती’ हा शब्दच त्याने न्यायव्यवहारातला मानला. केलेल्या कृत्याची जबाबदारी कोणाच्या माथी, हे ठरवण्यासाठी तो शब्द लागतो.

यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीड याने १७८५ साली एक मार्मिक शंका काढली. समजा, एका मुलाने बागेतली फळे चोरली आणि त्याला शाळेत मार बसला. पुढे तो सैन्यात अधिकारी झाला आणि पहिल्याच मोहिमेत त्याने शत्रूचे निशाण जिंकले. त्या वेळी त्याला शाळेतला मार आठवत होता. उतारवयात तो सेनापती झाला. आता त्याला निशाण आठवते, पण शाळेतला मार मुळीच आठवत नाही. लॉकच्या नियमाने सेनापती आणि तरुण अधिकारी एकच, तरुण अधिकारी आणि तो मुलगाही एकच. मात्र सेनापती आणि तो मुलगा वेगळे! हे कसे जमावे?

जमाखर्च शिकणाऱ्याला ही अडचण फारशी अवघड वाटू नये. हिशेबाच्या वहीत पान संपले की तळाशी बेरीज मांडतात आणि ती ‘मागील पानावरून’ असे लिहून पुढच्या पानाच्या माथ्यावर घेतात. शेवटच्या पानावर बसलेल्या कारकुनाला पहिल्या पानावरची प्रत्येक नोंद आठवत नसते. पण ती नोंद बेरजेत मिसळून, पानापानातून पुढे सरकत त्याच्यापर्यंत पोचलेली असते. सेनापतीला मार आठवत नसेल. त्या माराने आलेली शिस्त किंवा अढी मात्र मागील पानावरून चालत आलेली असते. तेव्हा ‘मी तोच’ असण्यास सगळे आठवणे आवश्यक नाही. सलग वही आवश्यक आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅन मॅक्‌ॲडम्स यांनी १९८० च्या दशकापासून या विषयावर संशोधन केले आहे. त्यांच्या मते माणूस आपल्या जीवनाची सलग कथा रचू लागतो तो किशोरवयाच्या अखेरीस आणि तारुण्याच्या आरंभी. म्हणजे नेमके आपल्या महाविद्यालयीन वयात. हा विषय आपण आज हाती घ्यावा, याचे हे एक कारण.

कीर्द, खतावणी आणि ताळेबंद

आमच्या महाविद्यालयात वाणिज्याचे शिक्षण इंग्रजीतून होते. त्या विषयाची मराठी परिभाषा मला वर्गात मिळाली नाही. माझे वडील शहापुरात सुताच्या एका दुकानात हिशेब लिहितात. त्यांच्याकडून ती मला मिळाली. द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केले, हे मी पुस्तकात वाचले. पण ‘घेणाऱ्याचे खाते नावे करा, देणाऱ्याचे खाते जमा करा’ हा नियम मी वडिलांच्या तोंडून आधीच ऐकला होता.

व्यवहार घडला की त्याची पहिली नोंद होते ती रोजकीर्दीत. तेथे तारीख असते, तपशील असतो, नावे आणि जमा अशा दोन्ही रकमा असतात. आणि नोंदीखाली कंसात एक ओळ असते, ‘रोखीने सूत खरेदी केल्याबद्दल’ अशासारखी. तिला स्पष्टीकरण म्हणतात. ते लिहिल्याशिवाय नोंद पुरी झाली असे मानत नाहीत. रोजकीर्दीतील नोंदी पुढे ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतात, ती खतावणी. सर्व खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून त्या जुळतात का ते पाहतात, ती तेरीज. आणि वर्षअखेर, ३१ मार्च या एका दिवशी दुकानाची स्थिती काय आहे हे दाखवणारा तो ताळेबंद.

ताळेबंद अतिशय उपयोगी असतो. बँकेला तोच लागतो. पण त्यात स्पष्टीकरणाची ओळ नसते. दुकानात अमुक रकमेचा माल शिल्लक आहे हे त्यावरून कळते. तो कोणाच्या उधारीवर आला, कोणत्या मंदीत पडून राहिला, हे कळत नाही. प्रवेशअर्ज हा विद्यार्थ्याचा ताळेबंद आहे. ‘मातृभाषा : मराठी’, ‘माध्यम : मराठी’, ‘जिल्हा : बेळगावी’ या त्यातल्या बाक्या. स्वतःची कथा सांगणे म्हणजे ताळेबंदावरून मागे रोजकीर्दीकडे जाणे, आणि प्रत्येक नोंदीखालची कंसातली ओळ वाचणे.

बाकीवरून कथा ओळखता येत नाही, याचे ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या धारवाडात सापडते. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांचा जन्म १८९६ साली धारवाडला, मराठी बोलणाऱ्या घरात झाला. त्यांनी कन्नड काव्याला नवे वळण दिले आणि १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीतही त्यांनी लेखन केले, आणि बारा वर्षे सोलापूरच्या महाविद्यालयात अध्यापन केले. त्याच धारवाडात मराठीचे श्रेष्ठ कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. कन्नड भाषेच्या गावात राहून, इंग्रजीवर उपजीविका करून त्यांनी कथा लिहिल्या त्या मराठीत. या दोघांचे अर्ज शेजारी ठेवून नुसते रकाने वाचले, तर कोण कोणत्या भाषेत काय लिहील हे कोणाला सांगता आले असते?

एका उंबरठ्यावरची राज्ये

आता आपल्या गावाकडे वळू. माझी आजी १९४५ साली शहापुरात जन्मली. बेळगावला लागूनच असलेले शहापूर त्या काळी सांगली संस्थानात होते. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूरचे कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मधल्या काळात १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या एवढ्या घडामोडींत आजीचा मुक्काम बदलला तो एकदाच. लग्न होऊन ती माहेरच्या गल्लीतून दोन गल्ल्या पलीकडे आली.

मी तिला एकदा विचारले, “आजी, तू इतक्या राज्यांत राहिलीस, कसं वाटलं?” ती म्हणाली, “आमी हाय तिथंच हाय. सरकारं आली नि गेली.”

आजीच्या बोलण्यात ही राज्ये जवळजवळ येतच नाहीत. तिचे सन वेगळे आहेत. विहीर आटली ते वर्ष. आजोबांनी हातमाग विकला ते वर्ष. वडिलांनी पहिला पगार आणला ते वर्ष. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. आजोबा मजुरीवर साड्या विणीत. व्यापाऱ्याकडून वजनावर सूत घ्यायचे, साडी विणून द्यायची आणि मजुरी जमा करून घ्यायची. त्यांची एक लहान चोपडी आजीने जपून ठेवली आहे. तीत सुताचे वजन आणि साड्यांची संख्या यांखेरीज काही नाही. पण आजीला प्रत्येक पानाचे स्पष्टीकरण पाठ आहे. या महिन्यात साड्या कमी का, तर थोरल्याला गोवर आला होता. चोपडी आजोबांची, कंसातली ओळ आजीची. दोन्ही एकत्र आली की त्या घराची कथा होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इतिहासातल्या तारखा खोट्या नाहीत, आणि आजीची वर्षेही खोटी नाहीत. सीमेचा प्रश्न आमच्या घरात वर्तमानपत्रातून, शाळेतून, कधी बंदमधून आलाच. त्यामुळे माझ्या कथेत १९५६ ही नोंद असलीच पाहिजे. पण ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची नोंद आहे. ती माझ्याकडे आली ती मागील पानावरून आलेली बेरीज म्हणून. माझ्या स्वतःच्या पानावरच्या नोंदी कोणत्या, हे मला वेगळे पाहावे लागते. नाहीतर मी वीस वर्षांची असून सत्तर वर्षांची जुनी बाकीच फक्त पुढे ओढत राहीन.

आईचे खाते

माझ्या पानावरची सर्वांत मोठी नोंद भाषेची आहे, आणि ती आईच्या खात्याशी जोडलेली आहे.

माझी आई बैलहोंगलकडच्या एका खेड्यातली. तिचे माहेर कन्नड. तिचे शालेय शिक्षण कन्नडमधून झाले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले, आणि त्या दिवसापासून ती घरात, गल्लीत आणि पुढे कागदोपत्री त्या नव्या, मराठी वळणाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी तिला तोडकी येत होती. सासूशी बोलता बोलता ती सुधारली. मी झाले तेव्हा घरात ठरले की मुलीशी मराठीतच बोलायचे, म्हणजे मराठी शाळेत तिला जड जाणार नाही. आईने ते पाळले. जागेपणी ती माझ्याशी मराठी बोलली. झोपवताना मात्र ‘जोगुळ’ म्हणायची, म्हणजे कन्नड अंगाई. आणि भाजीचा हिशेब ती आजही ‘ओंदु, एरडु, मूरु’ असाच करते. बोलायला माणूस नवी भाषा शिकतो. मनातल्या मनात मोजायला बहुधा पहिलीच वापरतो.

गेल्या वर्षी अज्जा, म्हणजे आईचे वडील वारले. त्यांनी एका बँकेत लहानशी ठेव ठेवली होती आणि वारस म्हणून आईचे नाव दिले होते, ते अर्थातच माहेरचे. बँकेने सांगितले की वारसाचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणा. न्यायालयाच्या आवाराजवळ एका नोटरीकडे ते कन्नडमध्ये टंकलिखित झाले. वडिलांना कन्नड बोलता उत्तम येते, पण वाचताना अडखळतात. आजीला लिपीच येत नाही. आईने कागद हातात घेतला आणि तो न थांबता मोठ्याने वाचून दाखवला. ती कन्नड वाचताना मी त्याआधी फारशी ऐकली नव्हती. आवाज तिचाच होता, पण त्यात मराठी बोलताना असते ती सावधगिरी नव्हती.

त्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर चार-पाच ओळींचा होता. अमुक नाव आणि तमुक नाव ही दोन्ही एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. कायद्याच्या दृष्टीने काम झाले. ‘तीच का?’ या प्रश्नाचे ‘होय’ असे शिक्क्यानिशी उत्तर मिळाले. पण एका नावापासून दुसऱ्या नावापर्यंत ती कशी आली, वाटेत काय ठेवले आणि काय उचलले, हे त्यात कोठेही नव्हते. असायचे कारणही नव्हते. ते काम प्रतिज्ञापत्राचे नव्हे. ते काम आमचे, म्हणजे ज्यांना त्या प्रवासाचा लाभ झाला त्यांचे आहे.

तेरीज जुळली तरी

येथे हिशेबाचा एक महत्त्वाचा धडा आठवतो. तेरीज जुळली म्हणजे वह्या निर्दोष आहेत असे सिद्ध होत नाही, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. एका बाजूची रक्कम चुकली तर तेरीज जुळत नाही आणि चूक पकडली जाते. पण एखादा संपूर्ण व्यवहारच नोंदवायचा राहिला, तर नावेही गळते आणि जमाही गळते. दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात, आणि तेरीज तंतोतंत जुळते!

स्वतःच्या कथेत असेच होते. ‘मी मराठी घरात जन्मले, मराठी शाळेत शिकले, मराठी माझी मातृभाषा’ ही कथा अगदी जुळते. तीत खोटे काहीच नाही. तीत आईची कन्नड नाही, आणि ती नसल्याने कोठे फटही दिसत नाही. उलट ‘मी दोन्ही भाषांची, मला भेद नाही’ ही कथाही तितकीच सहज जुळते. तीत कोणी कोणासाठी आपली भाषा मिटून ठेवली, ते गळते. पहिली कथा पुण्यात उपयोगी पडते, दुसरी बंगळुरात. पुण्याला एका स्पर्धेला गेले असता मला कोणीतरी म्हणाले, “तुमच्या मराठीला कानडी हेल आहे हो.” बंगळुरात दुकानदाराने विचारले, “नीवु मराठियवरा?” म्हणजे, तुम्ही मराठी का? दोघेही चुकले नव्हते. दोघांनी आपापल्या बाजूची बाकी वाचली होती.

द्विनोंदी पद्धतीचा नियम येथे लावून पाहावा. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. मला मराठी मिळाली, शाळा सोपी गेली, वाचनाची गोडी लागली. आपण कथा सांगताना नेमके एवढेच सांगतो, ‘मला हे मिळाले’. देणाऱ्याची ओळ रिकामी सोडतो. देणारी माझी आई होती. तिने स्वतःच्या भाषेत मुलीला वाढवण्याचे सुख बाजूला ठेवून ती रक्कम भरली. तिच्या खात्यावर ती जमा धरली पाहिजे. आणि जमा बाकी म्हणजे आपण त्यांचे देणे लागतो, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

मग मातृभाषेच्या रकान्यात काय लिहावे? भारतीय जनगणनेची व्याख्या अशी आहे की, बालपणी आई जी भाषा त्या व्यक्तीशी बोलली ती तिची मातृभाषा. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेचा एक रकाना होता आणि अवगत असलेल्या इतर दोन भाषांसाठी वेगळी जागा होती. एका घरातल्या सर्वांची मातृभाषा एकच असली पाहिजे असे नाही. ती प्रत्येकाची स्वतंत्र विचारून लिहावी, असेही प्रगणकांना सांगितलेले असते. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, तेव्हा मी हा प्रश्न आईलाच विचारला. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “तुला मी मराठीतच वाढवलंय, तुझं तसंच लिही. पण माझी कानडी गेली असं कुठं लिहू नको.”

मला वाटते, व्याख्या आणि कथा या दोहोंना न्याय देणारे याहून चांगले उत्तर नसावे. माझ्या रकान्यात मराठी, तिच्या रकान्यात कन्नड. एकाच घरात दोन नोंदी, आणि त्यांच्यामधली कंसातली ओळ सांगायची जबाबदारी माझी.

काही नियम

एवढ्या विवेचनानंतर, स्वतःची कथा सांगू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही नियम सुचवावेसे वाटतात.

पहिला नियम : आधी नोंदी, मग बाकी. ‘मी अमुक आहे’ या वाक्याने आरंभ करू नये. काय घडले, केव्हा घडले, ते आधी लिहावे. मी कोण, हे वाचणाऱ्याला त्यातून कळते. १८३१ मध्ये आपल्या बेळगावातच जन्मलेले बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक आहे. त्यांनी धर्मांतर केले ही त्यांच्या जीवनाची बाकी कोणालाही एका ओळीत सांगता येईल. त्यांना आत्मचरित्र लिहावे लागले ते तेथपर्यंतची वाट सांगण्यासाठी.

दुसरा नियम : स्पष्टीकरण सोडू नये. ‘माध्यम : मराठी’ एवढे लिहून थांबू नये. ती शाळा कोणी निवडली, का निवडली, पर्याय काय होते, हे विचारून घ्यावे. घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवरच हे विचारता येते.

तिसरा नियम : देणाऱ्याचे नाव लिहावे. आपल्याला मिळालेल्या प्रत्येक गोष्टीसमोर कोणाचे तरी खाते असते.

चौथा नियम : खाडाखोड करू नये. हिशेबात चुकीची नोंद खरवडून काढण्यास मनाई आहे. दुरुस्तीची नवी नोंद करतात आणि जुनी तशीच दिसू देतात. आपल्या कथेतही पूर्वी काय मानत होतो ते पुसू नये. मत बदलले असेल तर केव्हा आणि कशाने, ते पुढच्या ओळीवर लिहावे.

पाचवा नियम : उचंत खाते ठेवावे. ज्या रकमेचे खाते अजून ठरलेले नाही, ती व्यापारी उचंत खात्यात ठेवतो. आपल्या आयुष्यातही काही गोष्टींचा अर्थ विसाव्या वर्षी लागत नाही. ओढूनताणून त्यांना एखाद्या खात्यात चढवू नये. सीमाप्रश्नासारख्या मोठ्या गोष्टीविषयी माझ्या मनात जे काही आहे, त्यातले बरेचसे मी आज उचंत खात्यात ठेवले आहे. पुढे वाचीन, पाहीन, मग खतावीन.

या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारे माझे अनेक वर्गमित्र आहेत. त्यांच्या घरांतही कोणाची तरी मराठी, उर्दू किंवा कोंकणी अशीच मिटून ठेवलेली असेल. आपल्या दोन्ही भाषांत हिशेबाचे शब्द बरेचसे एकच आहेत. जमा तीच, बाकी तीच; खर्चाला ते ‘खर्चु’ म्हणतात आणि शिलकेला ‘शिल्कु’. जमा, खर्च, बाकी हे शब्द तर दोघांकडेही अरबी-फारसीतून आले. तेव्हा परस्परांच्या वह्या वाचायला आपल्याला दुभाष्या लागू नये.

ही परीक्षा संपली की सुटी आहे. सुटीत प्रत्येकाने एक पान लिहावे, अशी माझी सूचना आहे. विषय मोठा नको. आपल्याला येणारी एखादी भाषा, एखादे काम, एखादी सवय एवढाच घ्यावा. डाव्या बाजूला लिहावे काय मिळाले, उजव्या बाजूला लिहावे कोणाकडून, आणि खाली कंसात लिहावे कशाबद्दल. उजवी बाजू भरण्यासाठी बहुधा घरातल्या कोणाला तरी विचारावे लागेल. ते माणूस घरी असेल अशा वेळी पान घेऊन बसावे.